अल् घुब्र्यातली बम्बल बी

ओमानमधली एकमेव बम्बल बी मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या बाल्कनीत राहायची आणि तिचा शोध मी लावला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लेकीच्या, म्हणजे शेरनच्या, शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. स्थानिक कीटक ओळखायचा आणि त्याच्या जातीला धोका आहे का, ते सांगायचं. आदल्या वर्षी मी करून दिलेला ज्वालामुखी फुटलाच नव्हता! त्यामुळे यंदा तिला पहिलं बक्षीस हवंच होतं. तिच्यापेक्षा जास्त मला.

नाताळच्या कंदिलासाठी वसईहून सामानात बांधून आणलेले बांबू बाल्कनीत पडले होते. एक दिवस त्यातल्या एकाला भोक पाडून पिवळ्या पाठीचा, जाडजूड काळा जीव घूं घूं करत आत शिरला. मी ज्ञानकोशातलं चित्र पाहिलं आणि निकाल दिला.

"बम्बल बी. अतिदुर्मिळ."

"भुंगा आहे तो," बायको फिलोमिना म्हणाली. "माझ्या माहेरी वाशावाशांत होते. स्प्रे आणा."

"खबरदार. जगातली शेवटची असेल."

शेरनने भिंग लावलं. "पप्पा, बम्बल बीला मागे पण केस असतात. ही तर एकदम शायनी आहे."

"मस्कतच्या पाण्याने गळले असतील," मी म्हणालो. (माझेही तसेच गेले. आमच्या बिल्डिंगमधल्या तमाम पुरुषांचं यावर एकमत होतं.)

मी बाल्कनीला 'संरक्षित क्षेत्र' अशी पाटी लावली. कपडे हॉलमध्ये वाळू लागले. पाहुणे ओल्या चादरींखाली चहा पिऊ लागले. शेजारच्या रत्नागिरीच्या सलीमभाईंना मी चपला काढायला लावून दर्शनाला नेलं.

"अर्बाब, ह्यो तर भुंगो," ते म्हणाले. (अर्बाब म्हणजे तिकडच्या बोलीत मालक, साहेब.)

मी त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

प्रदर्शनाला मी निम्मं ऑफिस घेऊन गेलो. शेरनच्या तक्त्यावर दोन रकाने होते: 'पप्पा काय म्हणतात' आणि 'खरं काय आहे'. बम्बल बी ओमानमध्ये नसते. हा लाकूड पोखरणारा भुंगा. सगळीकडे दिसतो, त्याला काही धोका नाही. आणि केस पाण्याने गळलेले नाहीत, त्याचा मागचा भाग मुळातच तुळतुळीत असतो.

परीक्षक पोट धरून हसत होते. त्यातले एक टकले सर मात्र गंभीर झाले. "पाण्याने नाही? नक्की?"

शेरनला पहिलं बक्षीस मिळालं! माझा ऊर अभिमानाने भरून आला. टाळ्या वाजवून वाजवून माझे हात लाल झाले.

तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टच्या आधी ती माझं मत आवर्जून विचारायची, मान डोलवत ऐकून घ्यायची आणि नेमकं उलट लिहायची. पुन्हा कधी हरली नाही.