छपराखालची ओल

"सुमनबाय, तू ये. पण घाई करू नको." भाऊच्या शेजारच्या दाऊदभाईंचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात सकाळच्या इंजेक्शनांची तयारी करत होते. पंचवीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर, घाई करू नको म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही. ट्रे दुसऱ्या सिस्टरच्या हातात दिला, हात धुतले आणि रिक्षा केली. माझा थोरला भाऊ खाटेवर कुशीला वळून झोपला होता, तसाच होता. उशाच्या टेबलावर त्याचं वीतभर लांबीचं रेल्वे स्टेशन, धुळीने माखलेलं. मी डॉक्टरांना बोलावलं, दाखल्याचं बघितलं, मुंबईला त्याच्या मुलीला कळवलं. रडायला नंतर वेळ मिळाला, पण फारसं जमलं नाही. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले...

भाऊ एसटीच्या डेपोत पेंटर होता. गंजलेला पत्रा घासायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर रंगाचे दोन हात द्यायचे आणि शेवटी पाट्या लिहायच्या. खेड, चिपळूण, मुंबई ही नावं त्याने फूटपट्टी न लावता लिहिली आणि त्याची एकही रेघ वाकडी गेलेली मी पाहिली नाही. अठ्ठ्याण्णव साली कोकणात रेल्वेगाड्या सुरू झाल्या, त्याच सुमाराला तो निवृत्त झाला. वहिनी त्याआधीच गेलेली. शेजारचे दाऊदभाई जन्मभर जहाजांच्या इंजिनखोलीत काम केलेले. त्यांनी कुठल्याशा जर्मन बंदरातून एक खोका आणला होता, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून स्टेशन करायचं. खोक्यावरच्या चित्रात बर्फाचे डोंगर, उभट छप्पर, धुराडं, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या. "माझी बोटां जाडी. ह्यो तुझा काम," म्हणून त्यांनी तो भाऊला देऊन टाकला. भाऊने दोन दिवस नुसतं चित्र बघितलं आणि म्हणाला, "हे आपल्याकडचं नाय. आपल्याकडचं करतो."

आपल्याकडचं म्हणजे आमच्या गावाखालचं छोटं स्टेशन. दर रविवारी तो तिथे चालत जायचा आणि वही घेऊन बाकावर बसायचा. घरी येऊन धुराडं कापलं, कुंड्या तासून टाकल्या, छपराचा उतार कमी केला. भिंती गुळगुळीत होत्या, त्यांना तापवलेल्या सुईने हजारो भोकं पाडून जांभ्या दगडाचा खडबडीतपणा आणला. बिस्किटांच्या खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याची कौलं केली. त्यावर बसगाड्यांचा ऑइलपेंट. इथवर मला समजत होतं. पुढे त्याने जे सुरू केलं ते समजेना. गेरू, चुलीची काजळी, उकळलेल्या चहाचं पाणी, हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा अशा वाट्या मांडून तो एका केसाच्या कुंचल्याने ते नवंकोरं स्टेशन मळवत बसला. भिंतीवरचे पाण्याचे ओघळ, कौलांवरचं शेवाळ, नळाखालची काळी ओल. तिकीट खिडकीच्या कोपऱ्यात पानाची पिचकारीसुद्धा. मी नाक मुरडलं तर म्हणाला, "तीस वर्षं गंज झाकला गो. आता एकदा गंज रंगवतो."

त्याला साखर होती, हे मला ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यात रक्त उतरल्याचं सांगितलंय, लेझर केलं तरी नजर किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. तो दाऊदभाईंना घेऊन परस्पर जाऊन आला होता. "सुमीला सांगू नको, ओरडेल," अशी त्यांना ताकीद होती. म्हणजे मी ज्याला रिकामटेकडा चाळा समजत होते, ते नजर आहे तोवर संपवायचं काम होतं. नऊ महिन्यांत ते संपलंही. राहिला होता फक्त वर्निशचा हात. पावसाळी हवेत वर्निश पांढरट पडतं, म्हणून गणपती गेल्यावर खडखडीत ऊन पडेल त्याची तो वाट बघत होता.

श्रावण संपत आला की आम्हां बायकांना घर घासल्याशिवाय चैन पडत नाही. एकट्या पुरुषाचं घर, म्हणून दरवर्षी मी रजा काढून त्याच्याकडे जात असे. त्या दिवशी तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, गेला होता. दरवर्षी मूर्तींचे डोळे तोच आखायचा. त्या वर्षी, पाठ दुखते, म्हणून ते काम दुसऱ्याला देऊन तो तिथे नुसता बसून यायचा आणि मी त्याला बाम दिला होता... मी जाळी काढली, भांडी घासली, आणि पावसाने खरीच बुरशी धरली आहे, त्याचा रंग ऑइलपेंटचा, तो काही जायचा नाही, असं समजून ते स्टेशन साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं. पाणी आधी तांबडं झालं, मग काळं. मला फार समाधान वाटलं. पुसून पडवीत ठेवलं. नुसतं चकचकत होतं.

भाऊ आला, पडवीत थांबला. भिंतीवरून बोट फिरवलं.

"किती स्वच्छ केलंस गो."

"मग? बुरशी धरली होती."

"हां," तो म्हणाला. "धरली होती." मग चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी फाटकात दाऊदभाईंनी मला थांबवून सांगितलं, ती घाण नव्हती, ते काम होतं. डोळ्यांबद्दल तेव्हाही ते बोलले नाहीत. मी तशीच आत गेले. म्हटलं, "मला सांगायचं नाही का आधी?"

"सांगून ऐकलं असतंस? तू देवालाही डेटॉल लावशील," तो म्हणाला आणि हसला. हसला, म्हणून मी तो विषय मिटला असं धरलं.

दिवाळीनंतर त्याने पुन्हा वाट्या मांडल्या. या वेळी ओघळ जाड आले आणि एका बाजूला कलले, शेवाळाचे नुसते डाग झाले. आणि मी, जिने रोज शेकडो रुग्ण बघितले, ती त्याच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "भाऊ, तुझ्या स्टेशनवर पाऊस काय आडवा पडतो?" त्याने कुंचला धुतला, फडक्याला पुसला, डबीत ठेवला. पुन्हा कधी काढला नाही. शिमग्याच्या सुमारास तो चहा कपाबाहेर ओतायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते मला म्हणाले, "सिस्टर, यांना मी दीड वर्षापूर्वीच सगळं सांगितलंय."

पुढची दोन वर्षं काळोखातली. मग मूत्रपिंडं गेली. तो खाटेवर बसून स्टेशनवर बोटं फिरवायचा आणि विचारायचा, "काळं झालं काय गो? फडका मारू नको. धूळ बसू दे." मी माफी मागितली नाही. एकदा सुरुवात केली होती. तो म्हणाला, "इन्सुलिनची वेळ झाली ना?" वेळ झाली होतीच. मी दिलं.

स्टेशन आता माझ्याकडे, औषधांच्या कपाटावर आहे. आणताना ते पहिल्यांदाच उलटं धरून बघितलं. फलाटावरच्या छपराच्या आत, पार कोपऱ्यात, माझा टूथब्रश पोचला नव्हता. टॉर्च लावला की दिसतं. दोन वाशांच्या मध्ये उतरलेली ओल, कडेला हिरवट, मध्ये काळी, आणि तिच्यातून निघालेला पाण्याचा एक ओघळ, केसाएवढा, सरळ खाली. नखाएवढी जागा आहे.

गेल्या आठवड्यात खडखडीत ऊन पडलं. वर्निशची सगळ्यांत लहान डबी आणली, त्याच्याच डबीतला कुंचला घेतला आणि तेवढ्या जागेवर एक हात दिला. माझा हात इंजेक्शनांचा आहे, हलला नाही. बाकी सगळ्यावर धूळ बसते आहे. शनिवारी घर पुसताना मी फडका त्याच्या चार बोटं अलीकडे थांबवते.