चाळीतला तास
सडक्या कांद्याचा वास आला की अजून मळमळतं. मी दहावीत असताना कोरोनामुळे शाळा बंद होती आणि चांदवडच्या आमच्या मळ्यात रेंज यायची ती फक्त कांदे साठवायच्या चाळीत. पायाशी काळं पाणी सुटलेले कांदे, तोंडावर चिलटं आणि मोबाइलवर भूमितीचा तास. एकदा मॅडमनी कॅमेरा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "शी, उकिरड्यावर बसलीस का गं?" चॅटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी म्हणाले, "आमची नाही मॅडम, शेजाऱ्यांची चाळ आहे." मागे वडील कांदे निवडत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेभोवतीचा सगळा सडका कांदा उचललेला होता आणि तिथं धुतलेलं गोणपाट अंथरलं होतं. त्यावर बसताना स्वतःची जी किळस आली, तीच त्या वासाबरोबर आजही घशाशी येते.