चिमी कुठे बघते

माझ्या आवडत्या चित्रकाराने काढलेली छोटी चिमी वसतिगृहातल्या माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. रद्दीतलं गोष्टीचं पुस्तक घ्यायचं, हवं ते चित्र ब्लेडने कापायचं आणि बाकीचं परत रद्दीत टाकायचं, हे डिझाइन शिकणारे आम्ही सगळेच करतो. खिडकीशी उभी असलेली चिमी कागदाच्या उजव्या कडेपलीकडे बघते. मोजक्या रेषांत केवढी नजर! ‘तिथे मुद्दाम काही काढलेलं नाही, ती रिकामी जागाच खरं चित्र आहे,’ असं मी वर्गात ठासून सांगितलं होतं.

आज पंख्याच्या वाऱ्याने पान सुटून उलटं पडलं. माझ्या खोलीत राहणारी रेवा मागचा मजकूर वाचू लागली, “चिमी आनंदाने ओरडली, अगं आई, बघ तरी कोण...” पान तिथेच संपलं होतं.

“कोण आलंय गं?” रेवाने विचारलं.

मला काय माहीत! चिमीवर एवढा जीव, पण तिच्याकडे कोण आलंय हे बघायला मी उजवीकडचं पान पाहिलंसुद्धा नव्हतं, ते तसंच रद्दीत गेलं.

चित्र मी परत चिकटवलं. चिमी अजून तितक्याच आशेने उजवीकडे बघते आहे. तिकडे माझं कपाट आहे.