एकाच ड्रॉइंगच्या दोन झेरॉक्स

लग्नं जमवणारी माणसं आमच्या थेरगावात गल्लोगल्ली सापडतील, पण जमलेलं लग्न मोडायला स्वतःचं पेट्रोल जाळून जाणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. हे गृहस्थ मूळचे लातूरकडचे, निघोज्याच्या एका कंपनीत टूलरूमला आहेत, दिवसभर मशीनच्या भागांची ड्रॉइंगं बघून काम करतात. ज्या साखरपुड्यात माशी शिंकत नाही, तिथे हे शिंकतात. पत्रिका, पगार, फ्लॅट, कशाशीच त्यांना कर्तव्य नसतं. "मुलगी नात्यातली का?" एवढंच विचारतात, आणि "मामाची" असं उत्तर आलं की निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर ड्रॉइंग काढायला बसतात. एकदा नवरदेवाच्या आजोबांनी त्यांना श्रीखंडाच्या वाटीसकट मांडवाबाहेर नेऊन बसवलं, तर तिथे त्यांनी वाढप्याला सगळं समजावून सांगितलं.

त्यांचं म्हणणं साधं आहे. प्रत्येकाला शरीराच्या ड्रॉइंगच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक फाटकी निघाली तर दुसरीवर काम भागतं. पण नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असली, तर एकाच फाटक्या कागदाच्या दोन झेरॉक्स लेकराच्या हाती पडू शकतात. त्यांच्या धाकट्या मुलीच्या तशा पडल्या. पेशींमधल्या डीएनएची रोज थोडी मोडतोड होते. ती दुरुस्त करवून घेणारा सुपरवायझरच तिच्याकडे नाही, त्यामुळे मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी एकेक करून मरताहेत. बारा वर्षांची पोर आता व्हीलचेअरवर असते. जीभ जड झाली तरी बापाची नक्कल मात्र झकास करते. एक्स-रेने ही मोडतोड वाढते, ते जपून काढा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून हे कासारवाडीच्या मेट्रो स्टेशनवर तिची बॅगसुद्धा मशीनमधून जाऊ देत नाहीत. डबा, बाटली, रुमाल सगळं सुरक्षारक्षकापुढे मांडून दाखवतात आणि मागच्या रांगेच्या शिव्या शांतपणे खातात.

गेल्या दिवाळीत त्यांचा मेव्हणा आपल्या मुलीचं स्थळ घेऊन आला, ह्यांच्या थोरल्या, ठणठणीत मुलासाठी. मी फराळाला तिथेच होतो. भाचीच सून होऊन येणार म्हणून वहिनी हरखून गेल्या होत्या. ह्यांनी पेन काढलं. ड्रॉइंग निम्मं झालं असेल, तोच वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे आपलंच लग्न चुकलं म्हणा की."

वहिनी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी, हे मला तेव्हा कळलं.

ह्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "हे सगळं तेव्हा माहीत असतं ना, तरी मी तुझ्याशीच केलं असतं. म्हणून तर लोकांना जीव जडायच्या आधी गाठतो."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी मेव्हण्याने खालच्या आवाजात विचारलं, की मुलामुलीचं रक्त तपासायचं तर कुठे जायचं असतं.

मी खाली आलो आणि बायकोशी उगीचच फार गोड बोलू लागलो. ताप आलाय की काय म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तो हात मी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.