हस्तूभाभीचं मुरठ

आमच्या भागात हस्तूभाभीइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी कौतुकानंच सांगतोय. तिच्या ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या वस्तीत, दोनच घरं: एक तिचं, एक तिच्या थोरल्या दिराचं, अणदारामचं. मी पलीकडचा शेजारी. दोन्ही घरांना मिळून पाण्याचं एकच टाकं, आणि टाक्याच्या पाठीला वाळूचा धोरा, चालती टेकडीच. दर उन्हाळ्यात वारा सुटला की धोरा चार पावलं पुढे सरकायचा. ज्या चोपलेल्या अंगणावरून पावसाचं पाणी टाक्यात उतरतं, त्याची एक बाजू त्यानं गिळलीच होती. उरलेलं गेलं की ढाणी सोडायची, असं अणदारामनं ठरवून टाकलं होतं. भाभीला मात्र हे घर सोडायचं नव्हतं.

आमच्याकडे सून थोरल्या दिराशी बोलत नाही. घुंगट ओढून उभी राहते आणि जे काय सांगायचं ते तिसऱ्याला सांगते. तो तिसरा बहुतेक वेळा मीच; मला ती बीरा, म्हणजे भाऊ, म्हणते.

"मगा बीरा, सांग त्यांना, मी धोऱ्यावर गवत लावणार."

तीन हातांवर बसलेला अणदाराम माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग तिला, धोरा गवतानं बांधता आला असता तर माझ्या बापानं उंटसुद्धा काडीनंच बांधला असता!"

पहिल्या वर्षी भाभीनं सेवण पेरलं. आमच्याकडे सेवणाहून चांगला चारा नाही. शेणमातीच्या गोळ्यांत बी घालून तिनं सगळा धोरा पेरून काढला. सेवण उगवलंही झकास. मग चार ढाण्यांच्या शेळ्या आल्या, सगळ्यांत पुढे अणदारामच्या. पंधरा दिवसांत वाळू पुन्हा उघडी. खोटं कशाला बोलू, मी पोट धरून हसलो होतो. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ती रडली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. सगळा हिवाळा काठी घेऊन लांबलांबच्या धोऱ्यांवर फिरली. जिथं कुणी पाणी घालत नाही, राखण करत नाही, तिथं काय टिकून आहे ते बघत राहिली. एक दिवस परत येऊन म्हणाली, "बीरा, चुकलंच माझं. शेळीला काय आवडतं ते लावलं मी. वाळूत काय तगतं ते बघायला नको होतं का?"

तिनं निवडलं मुरठ गवत. केरसुणीसारखं राठ, शेळ्या हुंगून पुढे जातात. वाऱ्याला आडव्या काटक्यांच्या रांगा रोवल्या आणि प्रत्येक रांगेच्या आडोशाला मुरठाचे ठोंब लावले. पायथ्याला कडू वृंदावनाचे वेल सोडले. पाणी दिलं ते लावतानाच, ठोंबाला एक तांब्या.

"पुन्हा पाणी?" मी विचारलं.

"रोज पाणी मागणारं गवत असेल तर ते आपलं नव्हे."

दोन उन्हाळे गेले. धोरा होता तिथंच थांबला. टाक्याचं उरलेलं अंगण वाचलं. तिसऱ्या श्रावणात तर मुरठाच्या आडोशानं सेवणही आपणहून वर आलं, हिरवंगार. अणदारामला ते दिसल्याशिवाय कसं राहील? विळा घेऊन आला, मागे शेळ्या.

तो वाकणार तोच भाभी डोक्यावरची घागर उतरवून धावली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. घुंगट होताच, पण माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"जेठजी, मागे सरा. आज हे कापलंत तर मुळं उघडी पडतील. उद्या टाकं बुजलं की शेळ्यांना काय वाळू पाजणार?"

एकोणीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. आता हा पंच बोलावणार, माहेरच्यांना बोलावणार, काय काय करणार! अणदाराम लालबुंद झाला. त्यानं टाक्याकडे पाहिलं, धोऱ्याकडे पाहिलं. मग शेळ्या वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर अणदाराम बोरीच्या काट्या ओढून धोऱ्याला कुंपण घालतोय. हात रक्ताळलेले. भाभी पलीकडे ठोंब सारखे करत होती. मान वर न करता तो मला म्हणाला, "विचार तिला, फाटक कुठल्या बाजूला ठेवू?"

मी तिच्याकडे वळेपर्यंत घुंगटातून थेट त्यालाच उत्तर गेलं.

"ठेवूच नका."