बुट्टीबाई

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात कुणापुढेही न वाकणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आणि नेमकं तिलाच प्रत्येक दारातून वाकून जावं लागायचं. आमच्या हायस्कूलच्या या मुख्याध्यापिका पूर्वी बास्केटबॉल खेळायच्या. हौसेखातर नव्हे, पगार घेऊन, देशात आणि परदेशातही. हे ऐकून माझी आई म्हणाली, "खेळायचा पगार? मग काम केल्यावर काय देत असतील रे?" बास्केट म्हणजे बुट्टी, एवढं गावाला पुरेसं होतं. बघता बघता बाईंची बुट्टीबाई झाली. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. वडिलांनी बाजारात वाटलेल्या चळवळीच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो, त्यामुळे माझं साधं बोलणंही जाहीर निषेधासारखं बाहेर पडायचं. टोपणनाव ठेवणं हा माणसाच्या प्रतिष्ठेवरचा घाला आहे, असं मी भर स्टाफरूममध्ये ठणकावलं. बाई म्हणाल्या, "राहू दे सर. परदेशात मला जिराफ म्हणत. बुट्टीत निदान काही मावतं तरी."

शाळेच्या मैदानात फणसाच्या झाडावर खरोखरच बुट्टी टांगायचं ठरलं. बुरुडाला निरोप गेला, चेंडू मावेल अशी एक विणून दे. त्यानं जीव ओतून विणली, बुडासकट. चेंडू पडला की आतच. मला वाटलं, आता बाई भडकणार. त्या पोट धरून हसल्या. "हा खेळ निघाला तेव्हा अशीच बुडाची बुट्टी होती, सर!" म्हणाल्या आणि बूड कापू दिलं नाही. वर नियम काढला, ज्यानं टाकला त्यानंच चढून काढायचा. तेव्हापासून पोरं जिवाच्या आकांतानं नेम धरू लागली. खेळासाठी नव्हे, हेडबाईंच्या देखत झाडावर चढायला मिळतं म्हणून.

बाईंचे हात तोंडाआधी बोलायचे. या खेळात चेंडू न आपटता नुसता धरून चालत सुटलं तर चूक धरतात, आणि पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवतो. मुद्दा सोडून बोलत सुटणाऱ्याला बाई हीच खूण करत. एका पालकसभेत शाळा समितीचे अध्यक्ष पाऊसपाण्यापासून सुरू झाले. बाईंनी मुठी फिरवल्या. अध्यक्षांना वाटलं, चालू द्या म्हणतायत. ते उळवीच्या जत्रेवर आले. बाईंनी आणखी जोरात फिरवल्या. अध्यक्ष गहिवरले आणि स्वतःच्या लग्नापर्यंत पोचले. खाली बसताना डोळे पुसत म्हणाले, "इतकं मन लावून आजपातूर माझं कुणी ऐकलं न्हाई ओ, बाई." त्यानंतर अध्यक्ष उभे राहिले की बाई हात पाठीमागे बांधून बसायच्या.

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. जिला जग बोलावत होतं ती बाई या जंगलात का आली? चहाच्या टपरीवर कुणी म्हणे, काहीतरी भानगड असणार. कुणी म्हणे, देवाला नवस बोलली असंल. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही इथं कशा आलात?" "कॅसलरॉकपर्यंत रेल्वेनं," त्या म्हणाल्या, "पुढं जीपनं."

मग तालुक्याहून बातमी आली. नववी-दहावीत मुलं फार थोडी, तेव्हा हे वर्ग रामनगरला हलवायचे. दिवाळीनंतर साहेब पट बघायला येतील. रामनगर म्हणजे रोजची बस, आणि रोजची बस म्हणजे रानातल्या वाडीवरच्या पोरींची शाळा कायमची संपली. मी तडक पत्रक लिहिलं. पहिल्याच ओळीत रणशिंग होतं. बाईंनी ते वाचलं आणि मुठी फिरवल्या. "रेफ्रीवर ओरडून आजवर कुणाला गुण मिळालेला नाही, सर. आधी माणसं मैदानात आणू."

आम्ही वाडीवर गेलो. आठवीनंतर तिथल्या पोरी घरीच बसल्या होत्या. एकीचा बाप अंगणात भात वाळवत होता. बाईंकडं मान वर करकरून तो म्हणाला, "वाटंत गवं उभं असत्यात. पोरगी कशी धाडू? तुमची असती तर धाडला असता काय?"

"नसती धाडली. म्हणून न्यायला मी येते."

"रोज?"

"रोज."

"बघू की."

आतून बायकोचा आवाज आला, "बघू काय बघू? अक्कोरू सवता येतो म्हणत्यात, आणि तुमचं आपलं बघू!" वाडीवरच्या बायकांच्या तोंडी बाई अक्कोरूच असायच्या.

दुसऱ्या सकाळपासून बाई डांबरी रस्त्यानं चेंडू आपटत वाडीकडं निघू लागल्या. गव्यासमोर माणूस अचानक आला तर तो बिथरतो. लांबून आवाज आला तर आपणहून रानात शिरतो. टप, टप, टप. तो आवाज ऐकून पोरी वेण्या घालत घालत बाहेर पडायच्या, आणि येताना चेंडू आळीपाळीनं सगळ्यांच्या हातात फिरायचा. मीही बरोबर असायचो. बाई जराशा डुलत चालायच्या. उंच माड हालायचाच, असं गाव म्हणायचं. चढावर मला पहिल्यांदा दिसलं की त्या डावा गुडघा हातानं दाबून धरतायत. त्या गुडघ्यानंच त्यांचा खेळ संपवला होता, आणि डॉक्टरांनी चढ चालायला साफ मनाई केली होती.

"मग हे कशाला, बाई?" मी रागावलोच.

"खेळत होते तेव्हा हा गुडघा फार जपला, सर. पुढच्या सीझनसाठी." त्या थांबल्या, श्वास घेतला. "पुढचा सीझन आलाच नाही."

साहेब आले तेव्हा नववीच्या बाकांवर पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांनी डोकी मोजली, चहाही घेतला नाही. हुकूम यायला बरेच दिवस लागले आणि तोवर बाईंनी अंथरूण धरलं होतं. वर्ग इथंच राहणार हे कळताच मी धावत त्यांच्या घरी गेलो. पाय उशीवर ठेवून त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि विचारलं, "आज पोरींना आणायला कोण गेलं होतं?"

"कुणी नाही. त्यांतल्या एकीचा बापच पुढं चालत आला. पत्र्याचा डबा बडवत."

"सगळ्या आल्या?"

"सगळ्या."

"म्हणजे आता मी नाही गेले तरी चालेल," त्या म्हणाल्या. आनंदानंच म्हणाल्या असाव्यात. पण बदली खेळाडू आत गेल्यावर बाहेर आलेला माणूस बाकावर कसा बसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.