काकांचं गणपतीपुळं

काका माझ्या ऑफिसात आले की आधी काचेचं दार लावून घ्यायचे, बाहेर कोण आहे ते बघायचे आणि मगच म्हणायचे, "हळू बोला." ऑफिसात आम्ही दोघंच असायचो.

कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मी सहलींची बुकिंगं करते. काका तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त. त्यांना हवं होतं थायलंडमधलं हुआ हिन. शांत किनारा, पाच दिवस, दोन माणसं.

"तिथे काय काय बघायचंय?" मी सवयीनं विचारलं.

"काही नाही."

"बोटीची सफर? देवळं?"

"अहो, काहीही न करायला चाललोय आम्ही. त्याचं पॅकेज नसतं का?"

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय? तुम्ही काकांची माणसं पाहिलेली नाहीत. काकांनी कुठे जायचं ठरवलं, की धायरीहून त्यांच्या थोरल्या ताई बॅग भरून हजर. काकांचं उत्तरही ठरलेलं, "ये की! तुला नको कसं म्हणणार?" लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला गेली तेव्हाही बरोबर ताई होत्या, ताईंची दोन मुलं होती आणि मुलांना गोवर होता. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ही दोघं कुठेही दोघंच अशी गेली नव्हती.

काकू एकदाच ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "मला नुसतं समुद्राकडे बघत बसायचंय. कुणाला चहा हवाय का, हे विचारायचं नाहीये." त्या हसतच बोलल्या, पण मला वाईट वाटलं. ही सहल काही झालं तरी फसू द्यायची नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

थायलंड म्हटलं तर सोसायटी डोळे मिचकावणार, म्हणून काकांनी परस्पर सांगून टाकलं, गणपतीपुळ्याला चाललोय. मी कपाळाला हात लावला. पुणेकरापासून लपायला याहून वाईट जागा सापडली नसती. दोन दिवसांत तिघांनी देवापुढे ठेवायला नारळ आणून दिले आणि एकानं गाडीत जागा आहे का, तेही विचारलं.

निघायच्या सकाळी मी कागदपत्रं द्यायला खाली आले. टॅक्सी फाटकाशी उभी होती. काकू आत बसल्या होत्या. तेवढ्यात रिक्षातून ताई उतरल्या, बॅगेसकट.

"पुळ्याला चाललायस आणि मला दुसऱ्यांकडून कळतंय?" त्यांनी टॅक्सीचं दार उघडलं. "सरक गं जरा."

काकू मुकाट्यानं सरकल्या. मला ते बघवेना. मी काकांच्या कानाशी कुजबुजले, "खरं सांगून टाका. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही, आपोआप सुटाल."

काकांनी काकूंकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"ताई, आम्ही थायलंडला चाललोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "आणि पुळ्याला जरी चाललो असतो ना, तरी तू येऊ नकोस. आम्हाला दोघांनाच जायचंय."

ताईंनी बॅग खाली ठेवली.

"एवढं बोलायला चाळीस वर्षं लागली होय रे तुला?" त्या म्हणाल्या. मग काकांना त्यांनीच आत ढकललं आणि दार लावलं. "जा. विमान काही माझा भाऊ नाही, थांबायला."

टॅक्सी गेली. ताई बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. पदरानं डोळे टिपून त्या माझ्याकडे वळल्या.

"काय गं, पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात? कान शाबूत आहेत माझे अजून."